तबकडीतली म्हैस

सन एकोणीसशे चव्वेचाळीस. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि हिंगोलीत खोली शोधत फिरत होतो. कनेरगाव नाक्याकडचं आमचं गाव सोडून कापसाच्या जिनात कामाला लागलो होतो. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको नरसीजवळच्या एका खेड्यातली. डोक्यावर बोचकं घेऊन ती माझ्या मागं मागं चालत होती आणि दर दारात मला नकार मिळत होता.

ज्यांच्याबद्दल मी लिहितो आहे ते त्या दिवशी आपल्या दारात उभे होते. वैशाखाचं ऊन, आणि माणसाच्या गळ्यात लोकरीचा मफलर. मी गाव सांगू लागलो, काम सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"ते राहू द्या. बायको जात्यावर गाते का?"

माझं डोकं फिरलं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, तीही शाळा निजामाची, उर्दू, पण कुणाचं ऐकून घेणं माझ्या रक्तात नाही. म्हणालो, "मालक, खोली मला पाहिजे. बायकोच्या गळ्याशी तुमाला काय करायचं?"

"करायचं हाय म्हणूनच इचारून राहिलो. गात नसंल तर पुढच्या गल्लीत खोल्या हायत. तिथं कोनी काही इचारत न्हाई."

मी चालायला लागलो. मागून बायकोचा आवाज आला. पदराआडून ती मालकांनाच सांगत होती, "गाते. पण आदी जातं पाहू द्या."

मालक बाजूला सरले. ती आत गेली, जात्याची वरची तळी हातानं फिरवली, कान लावला आणि म्हणाली, "दगड गुळगुळीत झालाय. टाकी लावावी लागंल." दिवस मावळायच्या आत मालकांनी टाकी लावणारी बाई बोलावून आणली. अशी आम्हाला खोली मिळाली. त्यात माझ्याशी कुणी बोललंच नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखतही नव्हतं. सगळे 'भोंगेवाले मालक' म्हणत. बायको वारलेली, लेकरूबाळ नाही. शेत दुसऱ्याला करायला दिलेलं. चांगली बैलजोडी देऊन तिच्या बदल्यात त्यांनी एक चावीचा बाजा घेतला होता. पितळी भोंगा एवढा मोठा की त्यात मांजर झोपायची. सोबत तबकड्यांचा गठ्ठा मिळाला होता. त्यातली एक त्यांनी ठेवली आणि बाकीच्या लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणून घातल्या. पाहुणा म्हणायचा, "मालक, या चांगल्या गवयांच्या हायत." मालक म्हणायचे, "असतील. लोणचंबी चांगलं हाय."

लढाईचे दिवस. बाज्याच्या सुया मिळत नव्हत्या. मालक कयाधूच्या काठी जाऊन बाभळीचे काटे आणायचे. हिरवा काटा नको, किडका नको. बोटानं चाचपून एकेक निवडायचे, सावलीत वाळवायचे आणि सुपारीच्या चंचीत ठेवायचे. एकदा सुपारी समजून त्यांनी काटा चावला आणि दिवसभर त्या झाडाला शिव्या दिल्या. पण काट्यानं आवाज मऊ यायचा, ही गोष्ट खरी. सुई बोलते तशी खरखर नाही. लांब कुठंतरी, पाण्यापलीकडे, कुणी गात आहे असं वाटायचं.

त्या एका तबकडीवर एका बाईचं गाणं होतं. मालकांचं म्हणणं, ते गाणं त्यांच्या आईचं.

ती हकीकत त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की आता माझ्याच डोळ्यांपुढं घडल्यासारखी दिसते. मालक लहान असताना त्यांच्या खेड्यात एका नाटक मंडळीच्या गाडीचा आस तुटला. नवा आस होईपर्यंत मंडळी गावात राहिली. त्यातली एक गाणारी बाई पहाटे उठून मालकांच्या आईच्या जात्यापाशी येऊन बसायची. खुंट्याला हात लावायची नाही, नुसती बसायची. मग आस झाला, गाडी गेली. पुढं आई वारली. मालकांचे केस पिकायला लागले आणि एक दिवस परभणीच्या बाजारात एका दुकानातल्या भोंग्यातून आईच्या ओव्या आल्या. "आवाज परका," मालक म्हणायचे, "पण चाल तीच. मला वाटलं म्या रस्त्यातच झोपलो."

झोपलो म्हणायचं कारण होतं. ते गाणं त्यांनी झोपेतच ऐकलं होतं. आई दळायची आणि लेकरू तिच्या मांडीवर. मांडी हलायची, वरून पिठाची धूळ उतरायची. पहिल्या ओव्या कानावर यायच्या, मग डोळा लागायचा. शेवटची ओवी त्यांनी कधीच ऐकली नाही. एवढीच एक गोष्ट त्यांना जन्मात पाहिजे होती. आईची शेवटची ओवी.

"ती माझी होती," ते म्हणायचे. "एकुलतं एक पोरगं मांडीवर निजलंय, आणि माय शेवटची ओवी दुसऱ्या कुणाची गाईल व्हय?"

तबकडीवर तर शेवट होता. पण मालक तो ऐकू द्यायचे नाहीत. संध्याकाळी बाजा ओसरीवर मांडायचे, चावी द्यायचे. बाई गायला लागायची. दर ओवीनंतर तबकडीवर पेटी वाजायची. पेटी आली की मालक गळ्यातला मफलर काढून भोंग्यात कोंबायचे, पेटी संपली की बाहेर ओढायचे. मफलर कशाला ते मला तेव्हा कळलं. आणि शेवटच्या ओवीच्या आधी चिमटीनं काटा उचलायचे. तबकडी मुकीच फिरत राहायची.

मी विचारलं, "मालक, पुढचं काहून ऐकू देत न्हाई?"

"पुढचं खोटं हाय. कंपनीवाल्यांनी घातलेलं."

"काय घातलंय?"

मालकांना ते तोंडानं सांगायचीही लाज वाटायची. शेवटी इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाले, "म्हैस."

एकदा ते नदीवर काट्यांना गेले असताना मी स्वतः चावी देऊन ऐकलं. शेवटची ओवी अशी होती:

*सांज झाली तरी म्हैस येईना दावणीला,*
*कुणी पाहिली का बाई, माझी म्हैस पाणंदीला.*

मग पेटी वाजायची आणि बाज्यातली बाई थांबायची, जणू काही मोठी गोष्ट सांगून झाली.

मालक खोली द्यायच्या आधी बायको गाते का विचारायचे ते यासाठी. निरनिराळ्या गावच्या बाया आपल्या जात्यावर याव्यात आणि एखादीच्या तोंडून ती खरी ओवी निघावी. आमच्याआधी परभणीकडची एक बाई होती. तिला मालकांचं मन कळलं असावं. तिनं त्यांच्या नावाची, मांडीवरच्या लेकराची, फार गोड ओवी म्हणून दाखवली. मालकांनी ऐकली, डोळे पुसले आणि तिच्या नवऱ्याला खोली खाली करायला लावली.

"काहून?" मी विचारलं.

"मला खुश करून राहिली होती. मला खुश व्हायचं न्हाई, मला आईची ओवी पाहिजे."

हे ऐकून मी बायकोला बजावलं, "त्या म्हाताऱ्यानं काही इचारलं तर ठाऊक न्हाई म्हण. खोली जाईल." ती म्हणाली, "बरं." पण ती 'बरं' म्हणाली म्हणजे ऐकलं असं कधी झालेलं नाही.

पहाटे ती दळायला बसायची. जातं दोन्ही घरांच्या मधल्या पडवीत. मी अर्धवट झोपेत पडलेलो. जात्याची घरघर, तिचा गळा, बाहेर धुकं, जिनाकडून येणारा सरकीचा वास. कधी कधी मालकही पहाटेच बाजा लावायचे. तेव्हा जात्यावरची कोण आणि भोंग्यातली कोण ते मला उमगायचं नाही. दोघी एकमेकींच्या ओव्या उचलून पुढं नेत आहेत असं वाटायचं. त्या आवाजात तरंगत मी कैक वेळा जिनाचा भोंगा चुकवला आहे. मुकादम ओरडायचा. मी सांगायचो, गाणं ऐकत होतो. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला. सगळी गल्ली दिवेलागणीच्या खेळाला गेली. मालकही आले, मफलर बांधून. चित्र हिंदीत होतं. मध्येच पडद्यावर एक बाई जात्यावर बसलेली दिसली. अंगावर जरीचं लुगडं, हातभर सोन्याच्या बांगड्या. ती गायला लागली आणि माझ्या बायकोनं माझा दंड धरला. चाल तीच! शब्द सगळे हिंदी, मागं वाजंत्री ढीगभर, गती टांग्याच्या घोड्याची. पण चाल तीच, मालकांच्या आईची.

मालक उभे राहिले. त्यांच्या मफलरची सावली त्या बाईच्या तोंडावर पडली. ते ओरडले, "दाणे टाका वो बाई! कवाधरून रिकामं जातं फिरवून राहिल्या!"

तंबू हसून हसून पडला. दारावरचा माणूस धावत आला. "बैठो, बड़े मियाँ! वो पर्दे की औरत है, सुनती नै."

"सुनती नै तो गाती कायकू?" मालक म्हणाले.

घराजवळ आल्यावर मालक म्हणाले, "गाणं म्हंजी लेक हाय, बाबा. एका घरून दुसऱ्या घरी गेली की तिथलं लुगडं नेसते. पण दुसऱ्या घरी तिला कोनी जेवूच घालंना, अशी गत झाली."

मला ते तेव्हा समजलं नाही.

पुढं ती चाल सगळीकडं झाली. टांगेवाला तीच शीळ घालायचा. लग्नाचा बँड तीच वाजवायचा. मग ती गल्लीतल्या जात्यांवर आली. बायांनी हिंदी शब्द सोडून आपले घातले, पण गती सिनेमाचीच ठेवली. पहाटे सगळी गल्ली भरभर दळायची. ऐकायला मजा यायची.

आणि मग भाकरीत कचकच लागायला लागली.

जिनात दुपारी आम्ही गल्लीतले गडी एकत्र बसायचो. एकानं घास थुंकला, दुसऱ्यानं थुंकला, मी थुंकला. कुणीतरी म्हणालं, दुकानदार जवारीत खडे घालतो. मी म्हणालो, चला. माझ्या हातात काठी होती. दुकानदारानं पोतं आमच्यापुढं पालथं केलं. जवारी मोत्यासारखी, खडा शोधून सापडेना. तो म्हणाला, "पहिलवान, खडा पोत्यात न्हाई, तुमच्या घरात असंल." ते बोलणं मला झोंबलं.

दुसऱ्या पहाटे पाहतो तर मालक गल्लीत दारोदार उभे राहून ऐकत होते. आमच्या पडवीशी आले आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. आत बायको सिनेमाच्या चालीवर गात होती. छान गात होती.

"गाणं ऐकू नको," मालक कुजबुजले. "खालचं ऐक."

मी ऐकलं. गाण्याच्या खाली जातं कोरडं ओरडत होतं. दगडावर दगड.

मालक मोठ्यानं म्हणाले, "पोरी, मूठ कवा घालशील?"

जातं थांबलं. ती आतूनच म्हणाली, "अगं बाई! या गाण्यात मुठीला जागाच न्हाई."

तिनं मला मग समजावलं. जुन्या चालीत ओवी संपली की गळा थांबतो, आणि त्या थांब्यात उजवा हात खुंटा सोडून सुपाकडं जातो, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात टाकतो. बाई दाण्यांकडं पाहत नाही. गाणं थांबलं की हात आपोआप जातो. तबकडीवाल्यांच्या पुढं जातं नव्हतं. त्यांना तो थांबा रिकामा वाटला, तिथं पेटी भरली. सिनेमावाल्यांना पेटीही रेंगाळल्यासारखी वाटली, त्यांनी दोन ओव्या एकमेकींना चिकटवूनच टाकल्या. गल्लीतल्या बायांनी ती चाल घेतली. गळा थांबेना, म्हणून हात जाईना. रिकाम्या जात्यानं स्वतःचाच दगड दळला आणि आम्ही तो खाल्ला.

"पेटी वाजली की म्या मफलर काहून कोंबतो, कळलं का आता?" मालक मला म्हणाले. "ती मुठीची जागा हाय."

आठवडाभरात गल्ली जुन्या गतीवर आली. मालकांची मान गल्लीत उंच झाली. आणि त्या भरातच एका संध्याकाळी त्यांनी बाजा उचलून आमच्या पडवीत आणला. मला कळलं, आता हे विचारणार. मी बायकोकडं डोळे वटारले. तिनं पाहिलं नाही. सकाळच्या भाकरीला पीठ नव्हतं म्हणून ती दळत बसली होती.

मालकांनी तबकडी लावली. दर पेटीला मफलर कोंबला. पण या वेळी शेवटी काटा उचलला नाही. म्हैस आली, पाणंद आली, गाणं संपलं. मालक उंबऱ्यावर बसले.

"पोरी, तुला जात्याचं कळतं. आता खरं सांग. पहिल्या ओव्या बराबर हायत. ही म्हैस कुणी घातली? अन् माझी ओवी कुठं गेली?"

मी म्हणालो, "मालक, तिला ठाऊक न्हाई."

"ठाऊक हाय," बायको म्हणाली. माझ्या खोलीचं छत मला हललेलं दिसलं.

ती दळता दळताच बोलत होती. "मालक, पहिल्या ओव्या ठरलेल्या असतात. त्या माय लेकीला देते. शेवटची ठरलेली नसते. सुपातले दाणे सरत आले की त्या दिवशी ज्याचा घोर असंल त्याचं नाव घ्यायचं. आज भाऊ, उद्या लेकरू, परवा शेजारीण. रोज येगळी."

"म्हंजी?"

"म्हंजी ती गाणारी बाई बसली होती, त्यातल्या एका पहाटेचा घोर तिनं नेला. त्या दिवशी तुमच्या आईची म्हैस घरी आली नसंल."

मालक तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलायला लागले. "होती," ते म्हणाले. "एका शिंगाची. कयाधू उतरून गेली होती. आई तिला हाका मारत फिरायची. म्या तिच्या पदराला धरून... आमच्याकडं म्हैस होती की! इसरलोच होतो." आणि ते हसायला लागले. हसता हसता मफलर तोंडात धरला. माझी बायकोही हसली. मीही हसलो, खोली वाचली असं वाटून.

मग ते एकदम थांबले. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मंग माझ्या नावाच्या?"

बायकोनं खुंटा सोडला. "लई असतील, मालक. कितीतरी पहाटा असतील. पण त्या न्यायला कोनी बसलं नव्हतं. त्या पिठात गेल्या. तुमीच खाल्ल्या."

तबकडी अजून फिरत होती, काटा शेवटच्या रेघेत घासत होता. चावी संपत आली तशी ती हळू हळू झाली आणि थांबली. पडवीत पिठाची धूळ उतरत होती. संध्याकाळचं ऊन त्या धुळीत असं भरलं होतं की समोर बसलेला माणूस दूर, नदीपलीकडं बसल्यासारखा दिसत होता. मी विचारलं, बाजा आत ठेवू का? त्यांनी ऐकलं नाही. अंधार पडल्यावर उठून गेले. बाजा आमच्याकडंच राहिला. रात्रभर मला वाटत राहिलं, बायकोनं खरं सांगायला नको होतं. सांगितलं नसतं तर म्हातारा मरेपर्यंत सुखानं शोधत राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जात्याच्या आवाजानं जाग आली. बायको तर शेजारीच झोपलेली. पडवीत जाऊन पाहतो तर मालक दळायला बसलेले. गळ्यात मफलर नाही, मिश्यांवर पीठ, आणि रस्त्याकडचं दार सताड उघडं. आमच्याकडं गडी माणूस जात्याला हात लावत नाही. दारात हळूहळू गर्दी झाली. मालकांचा आवाज वंगण नसलेल्या गाडीच्या चाकासारखा होता, पण ओवी संपली की गळा थांबायचा आणि हात सुपात जायचा. बराबर.

टांगेवाला म्हणाला, "मालक, बांगड्या आणू का भरायला?"

मालकांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. सुपातले दाणे सरत आले होते. त्यांनी शेवटची ओवी घेतली:

*लंगडं तुझं घोडं, टांगेवाल्या भाऊ,*
*उतारूंची घाई, त्याला नको पळवत नेऊ.*

टांगेवाल्याचं हसणं जागीच राहिलं. तो दाराच्या दगडावर बसला.

मालक उठले, आपल्या कणगीतून सूप भरून घेऊन आले आणि पुन्हा बसले. पहिल्या ओव्या पुन्हा पहिल्यापासून. त्या सुपाच्या शेवटी दुकानदाराचं नाव आलं. पुढच्या सुपाला परभणीकडच्या त्या बाईचं आलं, जिला त्यांनी घालवून दिलं होतं. एका सुपाला माझंही आलं. काय गायले ते मी लिहिणार नाही. ऊन जात्यापर्यंत आलं, बायको समोर बसून खुंट्याला हात देऊ लागली, पीठ पडवीभर झालं. जिनाचा भोंगा होऊन गेला होता. शेवटी मालक सूप घेऊन गेले ते रिकामंच घेऊन आले. कणगी संपली होती.

ते दारात आले. पांढरे, डोक्यापासून पायापर्यंत. गर्दीतल्या बायांना म्हणाले, "जिच्या घरी जवारी असंल तिनं आणा, बाई. लई जण राहिलेत."

आणि समोरची म्हातारी जवारीची पाटी आणायला उठली.